ट्रायलनंतर सगळे ‘छान’ म्हणाले, आता एडिटवर काय करायचं?

वर्गातले दिवे लागतात. ट्रायलला, म्हणजे काम पुरं होण्याआधी मोजक्या माणसांना दाखवलेली बारा मिनिटांची शॉर्टफिल्म नुकतीच संपलेली असते आणि दिग्दर्शक विचारतो, “कशी वाटली?” उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. “छान झालीये. मधे जरा लांबलीये फक्त.” कुणी म्युझिक बदलायला सांगतं, कुणाला शेवट कळलेला नसतो, तर कुणी नवा शेवटच सुचवून मोकळं होतं. त्या रात्री टीम एडिटला बसते आणि मधली चाळीस सेकंदं कापते. पुढच्या ट्रायललाही शेवट कळत नाहीच, वर पात्रंही उपरी वाटू लागतात.

अशा वेळी प्रेक्षकाला नावं ठेवू नयेत. त्याला त्रास कुठे झाला हे त्यानं बरोबर सांगितलेलं असतं. तो का झाला आणि कशानं जाईल हे त्याला ठाऊक नसतं, आणि ते त्याचं कामही नाही. शिवाय तक्रार जिथे येते तिथे कारण क्वचितच असतं, बहुतेकदा ते मिनिट-दोन मिनिटं आधी पडलेलं असतं. तक्रारीपासून मागे जात कारणापर्यंत पोचणं, हे ट्रायलचं खरं काम.

नाटकवाल्यांना ही गोष्ट अंगवळणी पडलेली असते. शुभारंभाच्या प्रयोगाला नाटक पुरतं बसलेलं नसतं. दादरच्या शिवाजी मंदिरात हशा कुठे आला, ठाण्याच्या गडकरीत त्याच वाक्याला शांतता का पसरली, हे पाहत पाहत पहिल्या दहा-पंधरा प्रयोगांत वाक्यं गळतात, पॉज वाढतात, एक्झिट लवकर होते. फिल्मच्या नशिबी हे नसतं. पिक्चर लॉक करून, म्हणजे एडिट पक्कं करून, साउंड आणि डीआयला (रंग जुळवण्याच्या कामाला) दिलं की ती तिथेच थांबते. त्यामुळे नाटकाचे पहिले दहा प्रयोग जे काम करतात, ते फिल्मला लॉकच्या आधीच उरकून घ्यावं लागतं.

कुठला कट दाखवायचा

सगळे सीन क्रमानं जोडलेला पहिला असेंब्ली कट बाहेरच्या कुणाला दाखवू नका. त्यातले दोष तुम्हालाच दिसत असतात, ते ऐकण्यासाठी माणसं खर्च करू नयेत. खर्च हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे, कारण पहिल्यांदा फिल्म पाहणं एका माणसाच्या बाबतीत एकदाच घडतं. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला शेवट माहीत असतो आणि फिल्ममधल्या गाळलेल्या जागा तो आपोआप भरत जातो. म्हणून सुरुवातीलाच पंचवीसएक माणसांची यादी करा आणि ती पुरवून वापरा. रफ कटच्या, म्हणजे कच्च्या एडिटच्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या व्हर्जनला आठ जण, दुरुस्त्या झाल्यावर नवे सात-आठ, लॉकच्या तोंडावर आणखी पाच. चार-पाच माणसं अगदी शेवटच्या मिक्ससाठी, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवून झाल्यावर दाखवण्यासाठी, राखून ठेवा.

लॉकच्या आधीच का, याचं कारण साधं आहे. सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रं) असलेल्या टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या पट्टीवर, तुम्ही बारा फ्रेम कापल्या, तर त्यापुढचे संवाद, अँबियन्स (जागेचा आवाज), फोली (पावलं, कपडे यांचे नंतर केलेले आवाज), संगीत असे सगळे ट्रॅक अर्ध्या सेकंदानं सरकवावे लागतात. साउंडवाल्याचं काम झाल्यानंतर असे वीस बदल आले, तर त्याचा आठवडा जातो आणि मित्राकडून फुकट करून घेतलेलं काम दुसऱ्यांदा फुकट होत नाही.

कट कच्चा चालतो, आवाज मात्र कच्चा चालत नाही. रंग जुळले नसले तरी साधा प्रेक्षक समजून घेतो, पण एका शॉटमध्ये पंख्याची घरघर आणि पुढच्यात एकदम शांतता असेल, तर तो कटलाच अडखळतो. म्हणून ट्रायलपूर्वी एवढं तरी करा: सगळे संवाद एका पातळीवर आणा, त्यांच्याखाली त्या खोलीचा रिकामा आवाज सलग पसरा आणि महत्त्वाचे आवाज तात्पुरते का होईना, टाका. दारावरची थाप, फोनची रिंग हे गोष्टीचे भाग असतात. न घेतलेला शॉट असेल तर काळी पाटी लावून त्यावर ‘शालू कपाट उघडते’ असं स्वच्छ मराठीत लिहा, दोन-तीन सेकंदं पुरतात. ओळखीचं गाणं किंवा गाजलेल्या फिल्मचं पार्श्वसंगीत तात्पुरतं म्हणूनही लावू नका. लोक त्या सुरावटीच्या आठवणीनं हळवे होतात, तुम्हाला वाटतं आपला सीन पोचला, आणि संगीत बदललं की सीन उघडा पडतो.

टाइमकोडबद्दल एक बारीक गोष्ट. चित्रावर छापलेला पळता टाइमकोड, म्हणजे फिल्मची मिनिटं-सेकंदं दाखवणारे आकडे, प्रेक्षकासमोर ठेवला, तर त्याची नजर घड्याळाकडे जात राहते. दोन फाइली काढा. पडद्यावर चालेल ती स्वच्छ, आणि नोंद घेणाऱ्याच्या लॅपटॉपवर टाइमकोडवाली, आवाज बंद करून, दोन्ही एकाच वेळी सुरू केलेल्या. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही टाइमकोड छापता येतो.

कुणाला बोलवायचं, कुठे, केव्हा

युनिटमधलं कुणी नको, कलाकार नकोत, पटकथा वाचलेले नकोत. सगळे फिल्मचेच विद्यार्थी असले तर चर्चा लेन्सवर जाते. आठांपैकी दोघंतिघं सिनेमा शिकणारे असू द्या. बाकीचे बँकेत जाणारी मावशी, कॉमर्सचा मुलगा, सोसायटीतले निवृत्त काका असे हवेत. फिल्म ज्या जगाबद्दल आहे तिथला एक तरी माणूस हवाच. नर्सवर फिल्म असेल तर एक नर्स, कोळीवाड्यावर असेल तर तिथलं कुणीतरी. मुंबईत मराठी फिल्म पुढे अमराठी माणसं पाहणारच आहेत, म्हणून मराठी अजिबात न येणारा एक जण बोलवा, तो सबटायटलची परीक्षा घेईल. फिल्म सोसायटीचे जुने सभासद मिळाले तर त्यांनाही बोलवा, प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थेची मुंबईतली परंपरा १९६८ पासूनची आहे. फक्त एवढं ध्यानात असू द्या की जगभरचा सिनेमा पाहिलेल्या माणसाला संथ शॉटची सवय असते. तो कंटाळला नाही म्हणून कुणीच कंटाळणार नाही, असं धरू नका.

शाळेचा मोठा हॉल लागत नाही. पडदे ओढून अंधार करता येईल अशी खोली, बऱ्यापैकी टीव्ही आणि टीव्हीला जोडलेला बाहेरचा स्पीकर एवढं पुरतं. लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचे सूर ऐकूच येत नाहीत, लोकलचा धडधडाट तिथे नुसता किरकिरतो. जागा दादरजवळ असेल तर मध्य आणि पश्चिम, दोन्ही मार्गांवरच्यांना सोयीची पडते. रविवार टाळा. मेगाब्लॉकनं निम्मी माणसं अर्ध्या फिल्मला पोचतात आणि त्यांची मतं निकामी होतात. पावसाळ्यात पत्र्याची शेड असलेली खोली घेऊ नका. आणि वडापाव फिल्म संपल्यावर द्या, कागदाच्या चुरचुरीत हळू संवाद बुडतात.

सुरुवातीला बोलायचं ते इतकंच: “फिल्म बारा मिनिटांची आहे, रंग आणि आवाजाचं काम बाकी आहे. संपल्यावर कुणाशी न बोलता पाच मिनिटं लिहायचं आहे.” विषय सांगायचा नाही, अडचणी सांगायच्या नाहीत. ‘बजेट नव्हतं हो’ म्हटलं की पाहणारा परीक्षक न राहता हितचिंतक होतो आणि खरं बोलणं बंद होतं.

अंधारात काय टिपायचं

नोंद घेणाऱ्यानं पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून बसावं. फिल्म त्याला पाठ आहे, त्याला माणसं पाहायची आहेत. खुर्चीत हालचाल झाली की वेळ लिहायची. मोबाइल उजळला, कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं, खोकला आला, हसू आलं किंवा यायला हवं तिथे आलं नाही, सगळ्याची मिनिट-सेकंदासकट नोंद. एकानं चाळवाचाळव केली तर सोडून द्या. तिघं दहा सेकंदांच्या आत हलले, तर तिथे फिल्मनं त्यांचा हात सोडलाय. हे टिपण सर्वांत विश्वासाचं, कारण तोंडाला शिष्टाचार असतो, अंगाला नसतो. तोंडानं ‘मस्त’ म्हणणारा माणूस ०५:१० ला घड्याळ बघून गेलेला असतो.

आधी लेखी, मग तोंडी

दिवे लागल्याबरोबर चर्चा सुरू केली की पहिला बोलणारा सगळ्यांचं मत ठरवतो. आपल्याकडे तर सर किंवा वयानं मोठं कुणी बोललं की बाकीचे माना डोलावतात. म्हणून आधी प्रत्येकाच्या हातात कागद. गुगल फॉर्म चालतो, पण फोनवर मराठी टाइप करायचा कंटाळा येऊन लोक चार शब्दांत आटोपतात. त्यांना कोपऱ्यात जाऊन व्हॉइस नोट पाठवू द्या, तिथे माणूस मोकळा बोलतो.

प्रश्न सहा-सातच ठेवा:

– फिल्मची गोष्ट चार-पाच वाक्यांत लिहा.
– मुख्य पात्राला काय हवं होतं?
– लक्ष कुठे उडालं?
– कुठे गोंधळ झाला? तो पुढे सुटला का?
– कुठला क्षण किंवा कुठलं चित्र डोक्यात राहिलं?
– पुढे काय होणार हे आधी कळलं का? कुठे?
– संपल्यावर काय वाटलं, एका शब्दात.

यातला पहिला प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा आहे. गोष्ट पुन्हा सांगताना माणूस उगाच चांगलं बोलू शकत नाही. त्याला कळलंय तेच कागदावर उतरतं. आठ कागद शेजारी शेजारी ठेवले की दिसतं: सहा जणांनी नायिकेला ‘शेजारीण’ म्हटलंय, ती बहीण आहे. अशी गोष्ट ‘आवडली का’ विचारून जन्मात कळणार नाही. ‘शेवट चटका लावणारा वाटला का?’ असला उत्तर पोटात असलेला प्रश्नही नको.

दहापैकी गुण मागू नका. हॉलिवूडमध्ये ट्रायलला शेकडो माणसं बसवतात आणि छापील कार्डांवर ‘उत्कृष्ट’पासून ‘वाईट’पर्यंत पाच पायऱ्यांत मत घेतात. एवढ्या माणसांत टक्केवारीला काही अर्थ असतो. आठ जणांची सरासरी ७.२ आली, म्हणून कुठला शॉट कापायचा हे कळत नाही.

मग पंधरा-वीस मिनिटं गप्पा. त्या दिग्दर्शकानं चालवू नयेत. मागे बसून लिहून घ्यावं आणि तोंड बंद ठेवावं. ही यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. कुणी विचारलं, “तो मुलगा नेमका कोण?” आणि तुम्ही सांगून टाकलं, तर त्या खोलीतला तो प्रश्न मेला आणि त्याबरोबर त्याची माहितीही. सूत्रं हातात असलेल्यानं उलट विचारावं, “तुम्हाला कोण वाटला? कुठल्या क्षणी तसं वाटलं?” एवढी दोनच वाक्यं रात्रभर पुरतात.

शब्दांमागचं दुखणं

लोक जे शब्द वापरतात ते दुखण्याचं नाव नसतं, दुखऱ्या जागेवर ठेवलेलं बोट असतं. काही नेहमीची बोटं ओळखता यायला हवीत.

‘ॲक्टिंग जमली नाही’ असं आलं, तर आधी आवाज तपासा. माइक लांब असला की संवाद भिंतीवर आपटून येतो, पात्र खोलीत असूनही दूर कुठेतरी बोलल्यासारखं वाटतं आणि दोष नटावर जातो. ‘नीट ऐकू आलं नाही’ म्हणणाऱ्याला कुठले शब्द गेले ते विचारा. बरेचदा एकाच वाक्यातलं नाव किंवा नातं गेलेलं असतं आणि पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी असते. ‘कॅमेरा भारी’ हे पहिलंच वाक्य चौघांकडून आलं, तर खूश होण्याआधी त्यांच्या कागदावरची गोष्ट वाचा. गोष्टीनं धरलेला माणूस सहसा कॅमेऱ्यापासून सुरुवात करत नाही.

आणि ‘लांबली’. हा शब्द प्रत्येक ट्रायलला येतो, आणि ऐकल्याबरोबर लोक कात्री उचलतात. लांबण्याची तीन वेगळी कारणं असतात आणि तिघांचे उपाय वेगळे.

पहिलं, प्रेक्षक तुमच्या पुढे गेलाय. नोकरी गेल्याचं नायकाला फोनवर कळतं, मग तो ते मित्राला सांगतो, मग आईला. प्रेक्षकाला फोनवरच कळलं होतं. इथे कापणंच योग्य. एक बातमी एकदाच. दुसऱ्यांदा सांगायचीच असेल तर ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा, कारण त्या जागी नवं तेवढंच आहे.

दुसरं, शॉट खरोखर लवकर सुरू होतो. माणूस जिन्याचे तिन्ही मजले चढतो, कुलूप उघडतो, चपला काढतो, मग संवाद. यातच त्या सुरुवातीही येतात: कॉलेजचा लोगो, बॅनर, ऋणनिर्देश, मग लोकलच्या दारातून दिसणारी खाडी, मरीन ड्राइव्ह, सीएसएमटी. पहिली पन्नास सेकंदं मुंबई दाखवण्यात जातात आणि गोष्टीला तिची गरजही नसते. पाट्या शेवटी न्या. शहराचा एक शॉट ठेवा, तोही पात्र त्यात असेल तरच. तपासायची युक्ती अशी: आवाज बंद करून एकेक शॉटवर थांबा आणि या शॉटनं कुठली नवी गोष्ट दिली ते मोठ्यानं म्हणा. सलग तीन शॉटना उत्तर सुचलं नाही, तर दोन जातील.

तिसरं कारण सर्वांत फसवं. प्रेक्षकाला आपण कशाची वाट पाहतोय हेच ठाऊक नसतं. अशा वेळी तो भाग कितीही कापला तरी लांबतोच. दुरुस्ती त्या भागात नसते, आधी कुठेतरी असते. हे एका उदाहरणानं जवळून पाहू.

एक कागद, अडतीस फ्रेम

समजा, फिल्म अशी आहे. गिरगावातली चाळ पाडून टॉवर होणार आहे. वडिलांची पागडीची खोली रिकामी करायला भाऊ अशोक आणि लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली बहीण शालू एका संध्याकाळी भेटतात. अशोकनं बहिणीला न विचारता संमतीपत्रावर सही करून टाकलीये. भांडी आवरताना शालूला स्टीलच्या डब्याखाली तो कागद सापडतो. ती काहीच बोलत नाही. दोघं भांडी वाटून घेतात, आईच्या आठवणी निघतात. शेवटी ती किल्ली दादाच्या हातात ठेवते आणि न जेवता निघून जाते.

ट्रायलला आठ जण. सहा जणांनी लिहिलं: ‘शेवट एकदम झाला’, ‘ती का गेली कळलं नाही’. पाच जणांना भांडी वाटण्याचा भाग लांबलेला वाटला, म्हणजे ०५:०० ते ०७:१०. उपाय म्हणून कुणी शेवटी भांडण घालायला सांगितलं, कुणी वडिलांचा फ्लॅशबॅक. दोन्ही उपायांना पुन्हा शूटिंग लागेल आणि शालूचं न बोलणं, जे फिल्मचा प्राण आहे, तेच जाईल.

आता आठ कागदांवरची गोष्ट वाचा. फक्त दोघांनी ‘सही’ हा शब्द लिहिलाय. चौघांनी ‘तिला कसला तरी जुना कागद सापडतो’ एवढंच. दोघांच्या कागदावर कागदच नाही. म्हणजे शेवट ठीक आहे, कागद पोचलेला नाही.

टाइमलाइनवर ०२:४० ला जा. कागद ३८ फ्रेम दिसतो, म्हणजे दीड सेकंद. शॉट मिड आहे, म्हणजे फार जवळून घेतलेला नाही, कागदावर बारीक अक्षरात पंचवीस ओळी. त्याच क्षणी कुकरची शिटी होते, आणि आतून अशोकचा आवाज येतो, “शालू, तुझी गाडी कितीची?” माणसाच्या कानावर ओळखीच्या भाषेतलं वाक्य पडलं की डोळ्यांचं वाचणं अडखळतं. टीमला हे कधी दिसलंच नसतं, कारण कागद त्यांनीच टाइप केलेला असतो. त्यांना तो अर्ध्या सेकंदातही वाचता येतो.

दुरुस्ती तीन ठिकाणी. अशोकचं वाक्य चार सेकंद आधी, शालू डबा उचलण्यापूर्वी. शिटी त्याच्याही आधी, म्हणजे कागद हातात येतो तेव्हा खोलीत फक्त पंख्याचा आवाज उरतो. आणि सहीचा क्लोज इन्सर्ट, म्हणजे जवळून घेऊन मधे घातलेला शॉट, तीन सेकंद. कागदावर वाचायला ‘संमतीपत्र’ हे शीर्षक आणि अशोकची सही, दोनच गोष्टी, बाकी ओळी फोकसबाहेर. किती वेळ ठेवायचा याचं साधं माप म्हणजे ते शब्द सावकाश एकदा मोठ्यानं वाचून पाहायचे, तेवढा. त्यानंतरचा शालूचा चेहरा आधीपासून आहेच, तो वीस फ्रेम वाढवायचा.

हे केल्यावर भांडी वाटण्याचा तोच भाग, एकही फ्रेम न कापता, लांबायचा थांबतो. कारण आता प्रेक्षकाला ठाऊक आहे की शालूला ठाऊक आहे, आणि अशोकला ते ठाऊक नाही. “हा तांब्या तू घे, दादा,” हे साधं वाक्य ऐकताना माणूस पुढे वाकून बसतो. दोन तक्रारी होत्या, एक मधली आणि एक शेवटची, दोघींचं मूळ ०२:४० ला होतं.

कुठली तक्रार घ्यायची

एक तक्ता करा. वेळ, प्रेक्षकाचे शब्द जसेच्या तसे, किती जणांनी म्हटलं, आणि प्रकार: कळलं नाही, लांबलं, पटलं नाही, तांत्रिक, आवडनिवड. आठांपैकी एकानं म्हटलेलं नोंदवून ठेवा. तिघांनी म्हटलं तर तो भाग उघडून बघा. पाच आणि वर गेलं तर काहीतरी करायलाच हवं, मग तो तुमचा लाडका शॉट का असेना. कॅमेरामननं चार तास प्रकाशाची वाट पाहून घेतलेला शॉट त्याला सोडवत नाही हे खरं, पण प्रेक्षकाला ते चार तास दिसत नाहीत.

या मोजणीला एक अपवाद आहे. माहितीची चूक किंवा कुणाचा अवमान एकानंच दाखवला तरी पुरे. नर्सनं सांगितलं की सलाइन असं लावत नाहीत, किंवा त्या वस्तीतला माणूस म्हणाला की आमच्यात असं कुणी बोलत नाही, तर बाकी सात जणांच्या न बोलण्याला वजन नाही. त्यांना माहीतच नव्हतं.

खुल्या शेवटावर नेहमी वाद होतो. दिग्दर्शक म्हणतो, मला तो संदिग्धच ठेवायचा होता. ओळखायची खूण सोपी आहे. काय घडलं यावर आठांचं एकमत आहे आणि त्याचा अर्थ काय यावर वाद आहे, तर शेवट खुला आहे, हात लावू नका. काय घडलं यावरच वाद असेल, ती गेली की राहिली, तो मेला की झोपला, तर तो गोंधळ आहे.

‘मी असतो तर ही गोष्ट मुलाच्या बाजूनं सांगितली असती’ असल्या सूचना नम्रपणे ऐका आणि बाजूला ठेवा. ती दुसरी फिल्म आहे. मोह होऊ नये म्हणून ट्रायलच्या आधीच टीमनं एका वाक्यात लिहून ठेवावं की ही फिल्म कशाबद्दल आहे. प्रत्येक सूचना त्या वाक्याच्या जवळ नेते की लांब, हे मग पटकन दिसतं. गाइड सरांचं मत वेगळ्या बैठकीत घ्या. ते कारागिरी पाहतात, त्यांना नेमका प्रश्न विचारा: “सर, ०२:४० चा कागद वाचता आला का?”

स्वस्त उपाय आधी

दुरुस्त्यांचा क्रम खर्चावर ठरवा. आधी कापणं आणि सरकवणं, मग आवाजानं भागतंय का पाहणं, मग टेबलावर होणारा इन्सर्ट, आणि कशानंच जमलं नाही तर नटांना बोलावून पॅचवर्क, म्हणजे थोडं पुन्हा शूटिंग.

आवाजानं आश्चर्य वाटावं इतकं भागतं. पात्र पाठमोरं असलेल्या शॉटवर नवं वाक्य टाकता येतं. “अगं ताई” एवढे दोन शब्द घातले की ‘शेजारीण’ बहीण होते. ते मूळ शूटिंगच्या अंतरावरूनच रेकॉर्ड करा, फार जवळून घेतलं तर आकाशवाणीसारखं वाटतं. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर घेऊन उभं राहिलं तरी खोलीचा घुमारा बराच मरतो. खाली त्या लोकेशनचा तीसएक सेकंदांचा रिकामा आवाज हवाच. तो शूटिंगलाच घेऊन ठेवायला हवा होता, नसेल तर दोन संवादांमधल्या शांततेतून तुकडे जोडा.

इन्सर्ट घेताना लोक हातावरून पकडले जातात. तोच कागद, तीच घडी, त्याच बांगड्या, नखांचा तोच रंग. खोलीत खिडकी डावीकडे होती, तर एलइडी डावीकडेच, पुढे बटर पेपर लावून. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) मूळ क्लिपमधून पाहून तेवढंच ठेवा.

प्रत्येक फेरीला टाइमलाइनची प्रत काढा आणि नाव द्या: ‘किल्ली व्ही ४, कागद इन्सर्ट’. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशी नावं पडली की तिसऱ्या आठवड्यात कुठला कट दाखवला होता ते कुणालाच सांगता येत नाही.

दुरुस्तीचेही दुष्परिणाम असतात. कागद स्पष्ट केल्यावर पुढच्या फेरीत ‘शेवट आधीच कळला’ असं पाच जण म्हणाले, तर इन्सर्ट तीनवरून सव्वादोन सेकंदांवर आणून पाहा. म्हणूनच दुसरी फेरी नव्या माणसांची. आणि ‘कागद आता कळला का?’ असं त्यांना विचारू नका. पुन्हा गोष्टच लिहायला सांगा, त्यात कागद येतो का ते तुम्ही पाहा.

लिंक पाठवताना

पुण्याला, नाशिकला असलेल्या मित्रांना पाठवायचीच असेल तर यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारी) ठेवा किंवा दुसरीकडे पासवर्ड असलेली लिंक करा. सगळ्यांना खुली ठेवू नका. आधी सार्वजनिक झालेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत, तेव्हा ज्यांना पाठवायची आहे त्यांची नियमावली आधी वाचून घ्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकली तर चित्र पार दाबलं जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. इयरफोन लावून, न थांबवता पाहायला सांगा. इथे टाइमकोड चित्रावर छापलेला चालतो, कारण ‘मधे कुठेतरी’पेक्षा ‘०५:४०’ कामाचं. यूट्यूबचा रिटेन्शन आलेख, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंत किती जण पाहत राहिले ते दाखवणारा, बारा-पंधरा प्रेक्षकांवर वाचत बसू नका. एकाला दारावर कुरिअरवाला आला तरी तो आलेख खाली येतो.

सबटायटलचं एक सांगायला हवं. एका वेळी दोनच ओळी, आणि सेकंदभरापेक्षा कमी वेळ काहीच नाही. मराठी न येणाऱ्याच्या कागदावर नाती चुकलेली दिसली तर शब्द बदला. ‘वहिनी’ आणि ‘नणंद’ या दोघींना इंग्रजीत एकच शब्द आहे, तिथे सरळ नावं वापरलेली बरी.

दोन-तीन फेऱ्यांनंतर तक्त्याचा रंग बदलतो. ‘कळलं नाही’चा रकाना रिकामा होतो आणि ‘आवडनिवड’ भरतो: एकाला गाणं हवं, दुसऱ्याला नको. कुठलीही तक्रार तिघांपर्यंत पोचत नाही. त्या दिवशी पिक्चर लॉक करा, प्रोजेक्टच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि साउंडला द्या. मिक्स झाल्यावर राखून ठेवलेली चार-पाच माणसं बोलवा. एकदा टीव्हीवर, एकदा फोनवर दाखवा आणि त्यांना एकच काम द्या: जिथे शब्द ऐकू येणार नाही तिथे हात वर करायचा.